वाकड्या हँडलची सायकल

आप्पा, तुम्ही मला आणून दिली होतीत ना, तसलीच सायकल परवा मला शिरूरमध्ये दिसली. बाजारातून येताना एका जुन्या दुरुस्तीच्या दुकानाबाहेर ती भिंतीला टेकून उभी होती. बारीक टायर, खाली वळलेलं हँडल, दांडीचा हिरवा रंग जागोजाग उडालेला. आपलीच असेल म्हणून मी भर रस्त्यात वाकून सीटखाली तुमच्या हातच्या वेल्डिंगची खूण शोधली. नव्हती. तरी माझा पाय तिथून निघेना. दुकानदार म्हणाले, "मॅडम, ही म्हातारी हाय. चालवायची आसंल तर दुसरी दावतो." मी म्हटलं, "हीच द्या. हवा भरून द्या फक्त."

आपली आली तेव्हा मी आठवीत होते. गावातली शाळा सातवीला संपली होती आणि पुढं वरवंडला जायचं होतं. दौंडला रेल्वेतले एक गार्डसाहेब रिटायर होऊन चालले होते, त्यांच्याकडून तुम्ही ती घेतलीत आणि दौंडपासून घरापर्यंत स्वतः चालवत आणलीत, पँटचे पाय मोज्यात खोचून. बाहेर जागा नव्हती, म्हणून थेट स्वयंपाकघरात. आई भाकरी थापतेय, हँडलकडं बघून तिला हसू आवरत नाही. "शिंगं खाली वळल्याली म्हस दिसती की! आन् पोरीला ह्या दांडीवरनं पाय टाकायला लावता व्हय?" तुम्ही म्हणता, "सलवार शिव तिला." दप्तरासाठी मागं कॅरिअर तुम्हीच वेल्डिंग करून बसवलंत. कारखान्यात फिटर होतात, पण त्या कॅरिअरवर तुम्ही जेवढा जीव लावलात तेवढा कुठल्या मशीनवर लावला नसेल.

शाळेच्या वाटेवर सोसायटीचा ओटा लागायचा. बागायतदार मंडळी तिथं बसलेली असायची. आपल्या वस्तीतली माणसं ओटा आला की सायकलवरून उतरायची, हातात धरून चालत पुढं जायची आणि वळणावर पुन्हा बसायची. मीही तसंच करायचे. त्यात काही वेगळं आहे असं मला कधी वाटलंच नाही. एक दिवस पहिली पाळी संपवून तुम्ही माझ्या मागून येत होतात आणि तुम्ही ते पाहिलंत.

जेवताना विचारलंत, "का उतरलीस?"

"सगळेच उतरतात."

"सगळे म्हंजी कोण?"

"आपले."

"कुणी सांगितलं, उतर म्हणून?"

"न्हाई कुणी."

तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात. "सांगितल्याबिगर उतरलीस, ते जास्त वाईट हाय. उद्या उतरलीस तर सायकल परत दौंडला."

दुसऱ्या दिवशी मी हँडलवर इतकी वाकले की हनुवटी टेकायची बाकी होती. ओट्यावरून एक आबा ओरडले, "ए पोरी, कुणाची गं तू?" मी पॅडल मारत राहिले. संध्याकाळी त्यांनी तुम्हाला हटकलं, "पोरगी लई जोरात चालवती, पडंल कवातरी." तुम्ही म्हणालात, "पडली तर उठंल की, आबा." त्यांना माझी काळजी होती की आणखी काही, ते मला आजही कळलेलं नाही. पण तुम्ही ते आईला तीनदा सांगितलंत आणि तिन्ही वेळा तुमचा आवाज वेगळा होता.

दौंडच्या कॉलेजात जायला लागले तेव्हा, एका सुट्टीच्या दिवशी, मी तुम्हाला ओट्यापुढं उतरताना पाहिलं. घरी येऊन तुम्ही हातपाय धूत होतात. मी विचारलं, "मला शिकवलंत, आणि तुम्ही अजून उतरता?"

आई म्हणाली, "बापाशी बोलायची ही रीत हाय का?"

तुम्ही तिला हातानं थांबवलंत. "बरोबर बोलती ती. मी रोज ठरवतो गं, आज न्हाई उतरायचं. पर वटा आला की पाय आपसूक खाली येत्यात. माझा बाप उतरायचा तवा मी म्होरं दांडीवर असायचो. तो उतरला की मीबी."

"मग मला कशाला सांगितलंत?"

"तुझं पाय अजून शिकल्यालं नव्हतं म्हणून."

एवढं ऐकूनही मी म्हणाले, "भित्रे आहात तुम्ही." दारं उघडी होती, शेजारी ऐकत होते.

त्यानंतर तुम्ही ओट्यापुढून जाणंच सोडलंत. पाटसला कामावर जाताना मळ्यांच्या मागची खड्ड्यांची वाट धरायचात, मैलभर लांबची, रिटायर होईपर्यंत. मला वाटायचं, रागावले असतील. आता शाळेत साहेब तपासणीला येतात आणि मी कारण नसताना खुर्चीतून उठते, शिकवायचं अर्धं टाकून. उठल्यावर लक्षात येतं की आपण उठलोय. तुम्ही कशाविषयी बोलत होतात ते मला असं समजलं, तुम्ही गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी. तुमच्या शेवटच्या आजारपणात मी पंधरा दिवस उशाशी होते. तेव्हाही आपण औषधांविषयीच बोललो.

परवा ती सायकल मी घरापर्यंत चालवत आणली. गुडघे दुखले, चढाला दम लागला. मुलगी म्हणाली, "आई, ह्या वयात?" मी म्हटलं, "व्यायामाला आणलीय." तिला ओट्याचं सांगायचं होतं, पण सुरुवात कुठून करावी ते सुचेना, म्हणून आधी तुम्हाला लिहायला बसले. हे पाठवायचं तर कुठंच नाही. म्हणून राहिलेलंही लिहून टाकते.

तुम्हाला उतरताना पाहिलं त्या दिवशी मी एकटी नव्हते. तुम्ही कामावर असताना दौंडची मैत्रीण घरी आली होती, तिला एस.टी.त बसवायला मी फाट्यावर निघाले होते. तिनंच आधी पाहिलं. "ते काका का गं उतरले?" असं तिनं विचारलं. तुम्ही लांब होतात, पाठमोरे. मी म्हणाले, "पंक्चर झाली असेल." आणि ते माझे वडील आहेत, हे मी तिला सांगितलं नाही.