अंगणातल्या दोन पाट्या

मावशी,

पिठाच्या हातांनी दारात उभं राहून म्हटलेल्या एका 'हो'ची खरी किंमत काय पडते, ते सांगायला बसलोय. शेजारच्या म्हाताऱ्याशी कुंपणावरून चालणाऱ्या गप्पा बंद पडल्या, बायकोचा तिला न विचारता घटस्फोट झाला, आणि पोरगी दिवाळीला घरी आली नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "एवढ्याशानं काय होते बाप्पा?" इथे होतं. हा फार विचित्र देश आहे. इथे आपण बोलू ते माणसं खरं धरून चालतात.

आणि हे सगळं तुझ्या शिकवणीमुळे झालं, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मला बोलायला मोकळं.

नागपूरच्या तुझ्या खानावळीत मी वाढपी होतो तेव्हाची गोष्ट. निवडणूक लागली की सगळ्या पक्षांची माणसं तुझ्याकडेच जेवायला, कारण गावात तुझ्यासारखं वरण कुणाचं नव्हतं. अजून दिसतं मला. पंगत बसलीय, भिंतीकडून एका झेंड्याची माणसं, दाराकडून दुसऱ्या, मधून मी वरणाची बादली घेऊन फिरतोय. तू कणीक तिंबतेयस. एक पुढारी हात धुऊन तुझ्यापाशी येतो, वाकून म्हणतो, "मावशी, लक्ष असू द्या." तू मान वरही करत नाहीस. "तुमालेच देतो न भाऊ. दुसऱ्या कोनाले देऊ?" तो खूश होऊन विडा तोंडात टाकतो. पाठोपाठ दुसऱ्या झेंड्याचा येतो, त्यालाही तेच, त्याच सुरात. पहिला तिथेच उभा असतो, त्याने ऐकलेलं असतं, आणि तरी कुणाला काही वाटत नाही. ते म्हणायचं असतं, ते ऐकून घ्यायचं असतं. मत कुणाला पडलं ते तुझं तुलाच माहीत.

एकदा मी शहाणपणा केला. एका कार्यकर्त्याने सहज विचारलं, "काय रे, हवा कोणाची?" आणि मी सांगून टाकलं की तुमचा माणूस पडतो. तो भात तसाच सोडून उठला. तू मला मागच्या अंगणात नेलंस. मला वाटलं मारतेस. "तुले कोनं इचारलं व्हतं?" तू म्हणालीस. "मानसाच्या पानात अन्न असतानी खरं बोलू नाही." एवढंच. संध्याकाळी मला वांग्याची भाजी दोनदा वाढलीस, म्हणजे प्रकरण संपलं होतं.

त्या एका वाक्यावर मी इतका लांब आलो. आधी इथल्या एका डायनरमध्ये भांडी घासली, मग तिथेच अंडी तळली, मग पार्सिपनी गावात स्वतःची थाळीची खानावळ सुरू केली. निघताना तू दिलेली वरणाची पळी अजून आमच्या स्वयंपाकघरात आहे, दांडा एकदा डागून घ्यावा लागला. गिऱ्हाइकाला मी कधी नाही म्हणालो नाही. "मीठ जास्त झालंय काका." हो, झालंय खरं. "मीठ कमी आहे हो." हो, मलाही वाटलंच. कान मात्र उघडे ठेवले. कोण कुणावर रागावलाय, कुणाची नोकरी डुगडुगतेय, कोण भारतात परत जायचं ठरवतोय, हे मला त्याच्या बायकोआधी कळतं.

यंदाच्या निवडणुकीत मात्र हे कान किटले. इथे मुख्य पक्ष दोनच. एकाची खूण हत्ती आणि दुसऱ्याची गाढव. खरंच सांगतोय, गाढव, आणि त्याचा अभिमान वाटतो त्यांना. माझ्याकडे दुपारी जेवायला येणारी पोरं म्हणजे पुण्याची, मुंबईची, आपल्या नागपूरची, कॉम्प्युटरवाली. ताटात भाजी पडेपर्यंतही धीर नाही.

"काका, इस बार चेंज पाहिजे यार!"

"कसला चेंज? टॅक्स वाढवून ठेवणार तो. काका, तुम्हीच सांगा याला, तुमचा बिझनेस आहे."

"तुमचं दोघांचंही बरोबर आहे," मी म्हणायचो. "कढी घ्या."

एके दिवशी दोघे इतके पेटले की एकाने पोळी आपटली. मी विचारलं, "अरे, तू मत कुणाला देणार आहेस?"

"मला कुठे मत आहे काका? मी व्हिसावर आहे."

"आणि तू?"

"ग्रीन कार्डच्या रांगेत."

"मग भांडताय कशाला?"

"मत नाही तर निदान ओपिनियन तरी असू दे ना काका!"

ज्यांना मत आहे अशी माणसं त्या अख्ख्या खोलीत बहुतेक मी आणि माझी बायको. आणि आम्हाला कुणी श्वास घेऊ देत नव्हतं.

आता मूळ प्रकरण. सप्टेंबरातला रविवार, मी घरी चकलीची भाजणी मळत होतो. घंटी वाजली. दारात गाढवाच्या पक्षाची एक गोड मुलगी, हातात यादी आणि पेन. तिच्या उमेदवाराला आमचा पाठिंबा आहे का, असं विचारत होती. माझे हात पिठात. मी आपलं तोंडावर आलं ते म्हणालो, "ऑफ कोर्स! तुमचाच माणूस!" तिने खूण केली आणि विचारलं, अंगणात पाटी लावू का? इथे लोक आपल्या हिरवळीवर उमेदवाराच्या नावाची पाटी रोवतात. आमचं घर कोपऱ्याचं, दोन्ही रस्त्यांवरून दिसतं. मी म्हणालो, लावा. म्हणजे मला वाटलं, तीही नुसतं म्हणतेय.

त्याच आठवड्यात शेजारचा म्हातारा आला. जन्मभर आगीच्या बंबावर काम करून निवृत्त झालेला, सज्जन माणूस, हत्तीवाला. मी गाडीतून कांद्यांची पोती उतरवत होतो. म्हणाला, तुझं घर कोपऱ्यावरचं, आमची पाटी लावू का? मी म्हणालो, "शुअर, शुअर!" त्याने मला पोती उतरवायला मदतही केली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी येतो तर माझ्या अंगणात दोन्ही उमेदवार शेजारी शेजारी उभे.

लोक गाड्या हळू करून बघायला लागले. म्हाताऱ्याची बायको केळ्याचा केक घेऊन आली आणि माझ्या बायकोचा हात हातात धरून म्हणाली, आम्ही आहोत हं तुझ्यासाठी, घरात मतभेद असणं फार अवघड असतं. ती गेल्यावर बायको माझ्याकडे वळली. "मला न विचारता माझा घटस्फोट करून मोकळे झालात. आणि यातली माझी पाटी कुठली, ते तरी सांगा!" म्हाताऱ्याने फक्त एवढंच म्हटलं, "नाही म्हणायचं होतंस ना. मी रागावलो नसतो." आणि आत निघून गेला. मी चरफडत राहिलो. अरे, नाही कसं म्हणायचं? तू दारात आलास, माणूस दारात आल्यावर नाही म्हणतात का?

पण खरं संकट शनिवारी आलं. आमची पोरगी इथेच जन्मली, कॉलेजात आहे, यंदा तिचं पहिलं मत. गाढवाच्या पक्षासाठी सुट्टीच्या दिवशी बसने शेजारच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात जाऊन दारोदार फिरते. ती घरी आली आणि बॅग खांद्यावर असतानाच म्हणाली, "बाबा, व्हॉट इज दॅट?"

मी समजावलं. नागपूर सांगितलं, तू सांगितलीस, पंगत सांगितली. ते नुसतं म्हणायचं असतं गं.

"मी दिवसभर लोकांची दारं वाजवते बाबा. लोक यस म्हणतात आणि आम्ही बिलीव्ह करतो. दॅट्स द होल पॉइंट!"

"अगं, ती सभ्यता असते."

तिने बॅगेचा पट्टा खांद्यावर पुन्हा सरकवला. मग मराठीत बोलली. चिडली की ती इंग्रजीत बोलते आणि लागलं की मराठीत. "मग मी फार्मसी सोडली, टीचर होणार म्हणाले, तेव्हा तुम्ही हो म्हणालात. तेही नुसतं म्हणायचं होतं?"

मावशी, मी जरा थांबलो. अगदी जरासाच. पण कान तिने माझेच घेतलेत. ती बॅग न ठेवता परत गेली.

दिवाळी आली. बायकोने उटणं भिजवलं, पाट मांडला, आणि पाट रिकामा राहिला. फोनवर मेसेज आला, "हॅपी दिवाळी, बिझी." मी दिवसभर लोकांना लाडू वाढत होतो आणि प्रत्येकाला म्हणत होतो, हो हो, पोरगी आलीय, मजेत आहे. रात्री बायको म्हणाली, "तिला दुसरं काही नकोय. खरं एकदा बोला. तुम्हाला जमत असेल तर."

दुसऱ्या दिवशी दुकान आचाऱ्यावर टाकलं आणि फराळाचा डबा घेऊन तिच्या हॉस्टेलवर गेलो. ती खाली आली, पार्किंगमध्ये गाडीत शेजारी बसली, डबा मांडीवर घेतला, उघडला नाही.

"कोणाला देणार आहात मत?" तिने विचारलं.

"तुझ्याच माणसाला," मी म्हणालो. सवयीने गेलं तोंडातून.

ती हसली, वाईट हसली. "थँक यू. हे खरं आहे की पोलाइट आहे?"

राग आला मला. तिचा आला, स्वतःचा आला, आणि रागावू नकोस, तुझाही आला. मी म्हणालो, "नाही. नाही देणार. मी दुकान चालवतो, टॅक्स हा शब्द मला झोपेतही ऐकू येतो. आणि तुझा माणूस फार गोड बोलतो. गोड बोलणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, कारण मी स्वतः जन्मभर तोच धंदा केलाय. आणि तुझी फार्मसी. नव्हतं पटलं मला. अजूनही पुरतं पटलेलं नाही. झोप उडाली होती माझी. पण हो म्हणालो ते तुला अडवायचं नव्हतं म्हणून, आणि अजून अडवणार नाही."

मला वाटलं, संपलं. मग डबा उघडून तिने चकली मोडली.

"कडक झालीय," म्हणाली.

"हो," म्हणणार होतो. म्हणालो, "नाही. बरोबर झालीय."

"ओके," ती म्हणाली. "आता बिलीव्ह करते. टीचरचंही." आणि माझ्या खांद्याला डोकं टेकलं, तशीच खाली उतरून गेली.

परत येताना मी काय फुललो होतो म्हणून सांगू! दोन्ही पाट्या उपटल्या. म्हाताऱ्याकडे त्याची नेऊन दिली आणि म्हणालो, पाटी नको, पण मत तुमच्याच बाजूला आहे. तो आता पुन्हा बोलतो, हवामानापुरतं. दुकानात पोरांना छाती काढून सांगितलं, "आयुष्यात पहिल्यांदा तोंडावर नाही म्हणालो, तेही पोटच्या पोरीला. माणसाने असं सरळ असावं." पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यातल्या एकाची नोकरी त्याच आठवड्यात गेली होती. त्याला दोन वेळा श्रीखंड वाढलं.

मतदानाच्या दिवशी आमच्या भागातल्या शाळेत गेलो. दारापासून लांब, जिथपर्यंत प्रचाराला परवानगी असते तिथे, ती उभी होती. त्या दिवशी तिला पेनसिल्व्हेनियाऐवजी इथेच नेमलं होतं. पहाटेपासून उभी असावी, नाक लाल झालेलं. येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून बोलत होती. मी पुढे झालो आणि थर्मासमधला चहा दिला. मला वाटलं, आता तरी म्हणेल, बाबा, प्लीज. मी उत्तराची तयारीही केली होती.

तिने चहाचा घोट घेतला. "आल्याचा आहे," म्हणाली. मग, "जा बाबा, लाइन वाढतेय." आणि माझ्या मागून येणाऱ्या माणसाकडे वळली.

रांगेत बराच वेळ गेला. आजूबाजूचे सगळे बोलत होते आणि पहिल्यांदाच मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. इतक्या माणसांनी माझ्याकडे मत मागितलं होतं, दारात, दुकानात, फोनवर, आणि माझ्या स्वतःच्या पोरीने मागितलं नाही. कारण तिने माझा शब्द खरा धरला होता.

त्या रात्री तिचा माणूस निवडून आला. रविवारी ती घरी जेवायला आली. मैत्रिणीला फोनवर सांगत होती, माझ्या बाबांनी दुसऱ्या बाजूला मत दिलं, पण मला तोंडावर सांगून दिलं, आय रिस्पेक्ट दॅट. मी पोळ्या लाटत होतो. बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी पिठाकडे पाहिलं.

तुला पत्र पाठवायची सोय नाही, म्हणून तुलाच सांगतो. पडदा मागे पडला, तेव्हा मी पोरीच्याच माणसाचं बटण दाबलं.