डोंगर नामंजूर

४ जानेवारी, सकाळी ९
आजपासून पार्कातल्या नव्या डोंगराचा खर्च माझ्या ताब्यात. आत गाडी धावणार, बाहेरून सिमेंटचे कडे. साहेब म्हणाले, बाई, एका राइडवर एवढा पैसा जातो तरी कुठे? म्हटलं, महिन्याभरात सांगते. सरळ उधळपट्टी आहे. कात्री लावणार.

७ जानेवारी
पहिली कात्री दुसऱ्या ब्रेकला. एक असताना दुसरा कशाला? इंजिनिअर म्हणाला, काढतो मॅडम, पण पहिल्या फेरीत तुम्ही बसा. ब्रेक ठेवला.
रूळ बाजारात तयार मिळत नाहीत. प्रत्येक वळण वेगळं. असा डोंगर जगात एकच, त्यामुळे साचेही एकदा वापरून फेकायचे. पटत नाही. तोडगाही सुचत नाही.

१२ जानेवारी
कडे कोरणारी टोळी आली. हे काम येणारी माणसं मोजकीच, आज इथे तर उद्या भलत्याच देशात. प्रवास, राहणं, सगळं आपल्या माथी. टोळीत माझी लेक आहे. योगायोग. बऱ्याच वर्षांनी दिसली. साइटवर मला मॅडम म्हणायचं, हे आधीच बजावलं. हसून म्हणाली, बरं, कात्रीबाई. हे नाव पडलंय म्हणे मला. वाळलीये पोरगी.

१३ जानेवारी
तिला म्हटलं, हॉटेल कशाला, घरी राहा, कंपनीचं भाडं वाचेल. शुद्ध व्यवहार. म्हणाली, नको गं, आम्ही पहाटे सगळे एकत्र निघतो. खोली झाडून ठेवली होती. असू दे, नाहीतरी झाडायचीच होती.

२० जानेवारी
पद्धत अशी: जाळीवर सिमेंट मारायचं आणि ओलं आहे तोवर कोरायचं. वाळलं की संपलं. म्हणून आधी नमुना, त्यावर माझी सही, मग कडा. लेकीचा नमुना पाहिला. थेट पावसापाण्याने झिजलेला खडक. सही करणारच होते. पण मग महिन्याभरात काम आटपून ती जाणार. म्हणजे टोळी जाणार. भेगा जरा कृत्रिम वाटल्या. नामंजूर. फोडून पुन्हा.

२ फेब्रुवारी
दुसरा नमुना. रंग भडक. नामंजूर. दर्जात तडजोड नाही. तुला नक्की हवंय तरी काय, हे विचारायला दुपारी ती केबिनमध्ये आली. बराच वेळ बसली. दोघींनी चहा घेतला. अशा कामात घाई करून चालत नाही.

१९ फेब्रुवारी
तिसराही नामंजूर. या वेळी ती चहाला आली नाही. मुकादम म्हणाला, मॅडम, तुमच्यापुढे खरा डोंगर आणला तरी नापास व्हायचा. साहेबांचा फोन: खर्च चढतोय. म्हटलं, कारागिरांना शिस्त नाही. काहीतरी सांगायला हवंच होतं.
निश्चय: चौथ्या नमुन्याच्या आत तिच्याशी बोलायचं. डोंगराच्या डागडुजीला इथे कायमचं माणूस लागेलच. ती राहिली तर कंपनीचीच बचत.

२६ फेब्रुवारी
आज विषय काढणार होते. सिमेंट ओलं होतं, ती घाईत होती. उद्या.

३ मार्च, संध्याकाळी
टोळीच्या ठेकेदाराने लेकीला कामावरून काढलं. मी जाब विचारला. तो म्हणाला, मॅडम, तुम्हीच तीनदा नापास केलंत, वर साहेबांकडे तक्रार. तिला ठेवून तुमचा पैसा किती जाळू?
तिला गेटपाशी गाठलं. बॅग गाडीत ठेवत होती. म्हणाली, आई, माझं एकही काम तुला आवडू नये? मी म्हटलं, साइटवर मॅडम म्हणायचं ठरलंय. असं का म्हणाले कोण जाणे. तेवढ्यात गाडी सुटली.

५ मार्च
नवा कारागीर आला. त्याचा नमुना म्हणजे कणकेच्या गोळ्यावर काट्याने ओढलेल्या रेघोट्या. पहिल्या झटक्यात सही केली. साहेब खूश. म्हणाले, बघा बाई, मनावर घेतलं की खर्च वाचवता येतो तुम्हाला.