मागच्या डब्यातले अण्णा

म्युनिक,
रविवार, १४ सप्टेंबर

ती. दादास,

वैजूचा नमस्कार. पत्र बघून दचकू नकोस, आम्ही तिघंही ठणठणीत आहोत. निरंजनचा मित्र परवा मुंबईला निघालाय, तो तिथून नाशिकला कुरिअर करेल. फोन का नाही केलास, असं विचारशील. फोनवर तू मध्येच बोलतोस आणि मी लगेच सगळं हसण्यावारी नेते. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही आणि मला हसता येणार नाही, म्हणून पत्र.

वहिनीने अण्णांबरोबर पाठवलेला गोडा मसाला अजून पुरवून पुरवून वापरतेय. परवा आमटीला फोडणी दिली तर सावनी खोलीतून ओरडत आली, "अण्णा आजोबा आले?" तिचा पुढचा दात पडलाय. आता दुसरीत गेली, त्यामुळे शाळेत मैत्रिणींबरोबर चालत जाते, सोडायला आलेलं चालत नाही बाईसाहेबांना. थंडी सुरू झाली. जाकिटं माळ्यावरून काढली. निरंजन सकाळीच सायकल घेऊन नदीकाठाने गेलाय.

आज रविवार, त्यामुळे इमारतीत चिडीचूप. तुला ठाऊक आहे इथलं, रविवारी मिक्सर लावायचा नाही, भिंतीत खिळा ठोकायचा नाही, धुण्याचं मशीनसुद्धा नाही. अण्णा आले त्या पहिल्याच रविवारी त्यांनी खलबत्त्यात दाण्याचं कूट करायला घेतलं होतं. खालच्या हूबरआजी वर आल्या, दार वाजवलं. अण्णांना वाटलं, पाहुण्या आल्या. त्यांनी त्यांना आत बसवून मूठभर कूट हातावर दिलं, वर गूळ. आजी तक्रार करायला आल्या होत्या, त्या गूळ खाऊन गेल्या. पण मी मात्र अण्णांवर चिडले. "अण्णा, हळू. इथे सगळं हळू करायचं असतं."

तीन महिने मी हेच म्हणत होते, दादा. जिन्यात हळू. बसमध्ये हळू. फोनवर तुझ्याशी बोलताना हळू. ज्या माणसाने फलटणच्या स्टँडवर जन्मभर कंट्रोलर म्हणून "बारामती, भिगवण, दौंड, फलाट तीन" असं ओरडून सांगितलं, माईक बिघडला तरी ज्याचं काही अडलं नाही, त्याला मी हळू बोलायला सांगत होते. ते म्हणायचे, "अगं, हळूच बोलतोय की!" आणि समोरच्या बाकावरची चार डोकी वळायची.

आता मुद्द्यावर येते. गुरुवारी तुझा मेसेज आला. तू अण्णांच्या स्कूटीची किल्ली काढून घेतलीस, दसऱ्यानंतर त्यांना नाशिकला आणणार, विसरभोळेपणाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीस आणि फलटणच्या घरासाठी भाडेकरूही बघितलास. खाली लिहिलं होतंस, "अण्णा पूर्वीसारखे राहिले नाहीत गं. बोलत नाहीत, बोलले तर पुटपुटतात. तिकडे हरवले तेव्हाच मला शंका आली होती." तू जे करतोयस ते मुलगा म्हणून योग्यच करतोयस. मी सातासमुद्रापलीकडे बसून उंटावरून शेळ्या हाकणार नाही. पण तू ज्या गोष्टीवरून हे ठरवलंस, ती गोष्ट मी तुला खोटी सांगितली आहे.

ग्रुपवर मी काय लिहिलं होतं ते तुला पाठ असेल. "आज आमचे कंट्रोलरसाहेबच चुकीच्या गाडीत बसले!" पुढे हसरे चेहरे. मावशीने तर लिहिलं, म्हाताऱ्याला गळ्यात घंटा बांधा. त्यावर मीही हसरा चेहरा टाकला.

तर नीट सांगते.

जूनच्या शेवटच्या शनिवारी आम्ही टेगर्नझेला गेलो. तलाव आहे, डोंगर आहेत, आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आम्ही तिथे नेतोच. या वेळी माझ्या ऑफिसातली प्रमुख कारिन आणि तिचा नवरा योर्ग बरोबर येणार होते. मीच बोलावलं होतं. माझ्या बढतीचं त्या सुमारास ठरायचं होतं, आणि ते कारिनच्या हातात होतं. आदल्या दिवशी मी अण्णांना बजावलं, "कपडे इस्त्रीचे घाला आणि जास्त प्रश्न विचारू नका."

अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले. बरोबर पिशवीत थालीपिठांचा डबा. पहाटे उठून त्यांनी स्वतः थापली होती, आई गेल्यापासून शिकलेत ना. कारिन फलाटावर दिसली तसे ते पुढे झाले आणि स्टँडवरच्या आवाजात म्हणाले, "वेलकम, वेलकम! मॅडम, व्हॉट इज युवर मंथली पेमेंट?" कारिन हसली. इथे नवरा-बायकोसुद्धा एकमेकांना पगार विचारताना दहादा विचार करतात. माझी पाचावर धारण बसली. तेवढ्यात त्यांनी डबा उघडला, लसणीच्या चटणीचा वास फलाटभर. योर्गच्या हातात त्यांनी थालीपीठ ठेवलंसुद्धा. "ईट, ईट. माय हँड मेड." माणूस चवीने खात होता, हे मला आज आठवतं. तेव्हा मला फक्त त्याच्या बोटांना लागलेलं तेल दिसत होतं.

गाडी आली. ती गाडी कशी असते ते तुला सांगायला हवं. एकाच इंजिनाला जोडल्यासारखी दिसते, पण मध्ये होल्त्सकिर्शन म्हणून स्टेशन आहे, तिथे तिचे तुकडे होतात. पुढचा भाग तलावाकडे जातो, मागचा बायरिशझेल नावाच्या भलत्याच गावाला. एका भागातून दुसऱ्यात आतून जाताही येत नाही. दारावर पाटी असते. इथल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे. मी इथे आठ वर्षं राहते.

आम्ही पुढच्या भागात चढलो. अण्णा माझ्याशेजारच्या रिकाम्या जागेवर टेकणार, तेवढ्यात मी म्हणाले, "अण्णा, तुम्ही खाली उतरून मागच्या डब्यात बसा. आरामात खिडकी मिळेल."

"अगं, ही रिकामी आहे की."

"ती राखीव आहे."

या गाडीत राखीव जागा नसतातच, दादा. त्यांनी सीटकडे पाहिलं, सीटच्या पाठीकडे पाहिलं, काही लिहिलेलं नव्हतं. मग माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले, आणि पिशवी उचलून उतरले. मी खिडकीतून त्यांना मागच्या दारात चढताना पाहिलं. दारावरची पाटीही वाचली. बायरिशझेल. मनात म्हटलं, होल्त्सकिर्शनला गाडी थांबते तेव्हा उतरून त्यांना घेऊन येईन. तोवर अर्धा तास तरी शांतपणे बोलता येईल.

निरंजनने विचारलं, "अण्णा कुठायत?" मी म्हटलं, "खिडकी हवी होती त्यांना." तो योर्गशी फुटबॉलवर बोलण्यात रमला.

आणि माझं बोलणं छान रंगलं, खोटं कशाला बोलू. कारिन हसत होती, मी पहिल्या वर्षी दुकानातलं रिकाम्या बाटल्या परत घेणारं मशीन कसं अडवून बसले होते ते सांगत होते. गाडी थांबली. स्पीकरवर सूचना झाली, गाडीचे भाग वेगळे होताहेत, आपण योग्य डब्यात आहोत ना ते पाहावं. मी ती ऐकली. शब्दन् शब्द ऐकला. उठायचं, फलाटावर पळायचं, "अण्णा, अण्णा" अशी हाक मारायची, सगळ्या डब्यांनी बघायचं, आणि मग लसणाच्या वासासकट ते पुन्हा इथे. मी म्हटलं, एवढं वाक्य संपवते आणि उठते. वाक्य संपलं तेव्हा दारं लागली होती.

हेच मला तुला सांगायचं होतं. मला वेळ होता.

पुढे रडारड झाली ती खरी. सावनी ओक्साबोक्शी रडली. अण्णांचा फोन घराबाहेर चालत नव्हता आणि सगळ्यांचं मिळून एकच तिकीट, ते निरंजनच्या खिशात. कारिनने विचारलं, "ते स्वतःच तिकडे जाऊन बसले?" मी म्हणाले, "हो. वय झालंय. हल्ली गोंधळ होतो त्यांचा." हे पहिल्यांदा मी बोलले, दादा. डॉक्टर नव्हे, तू नव्हे. अण्णांचं डोकं चालत नाही हे या जगात सगळ्यात आधी मी म्हणाले, आणि तेही स्वतःची लाज झाकायला.

योर्गने फोनाफोनी केली. शेवटच्या स्टेशनवर एक वयस्कर गृहस्थ सुखरूप आहेत, असं कळलं. आम्ही मागे फिरलो, होल्त्सकिर्शनला पुढची गाडी धरली. बायरिशझेलच्या फलाटावर बाकावर ते बसले होते. स्टेशनजवळच्या बेकरीतली बाई त्यांच्याशेजारी बसून थालीपीठ खात होती आणि ते तिला मराठीत काहीतरी समजावत होते, हातवारे करून. तिकीट तपासणाऱ्यालाही त्यांनी थालीपीठ खाऊ घातलं होतं म्हणे. आम्हाला पाहून ते उभे राहिले, हात वर केला, तोंड उघडलं. मला वाटलं, आता अख्ख्या दरीत ऐकू जाईल. पण त्यांनी ती हाक गिळली. नुसता हात हलवला.

मग जवळ येऊन कारिनला म्हणाले, अगदी हळू, "सॉरी मॅडम. माय मिस्टेक. ओल्ड मॅन, राँग बोगी."

ज्या माणसाने जन्मात कुणाला चुकीच्या गाडीत बसू दिलं नाही, तो हे म्हणाला. चुकीच्या एसटीत चढलेल्या नीरेच्या यात्रेकरूंना हाताला धरून खाली उतरवणारा माणूस. मी शेजारी उभी होते. मी "नाही" म्हणाले नाही.

परतीच्या गाडीत ते आमच्यातच बसले. घराजवळ आल्यावर, बाकीचे पुढे चालत असताना, मला म्हणाले, "साहेबीण चांगली आहे गं तुझी. मी परत पगार नाही हं विचारला."

एवढंच. त्या दिवसापासून विमानतळापर्यंत त्यांचा तो स्टँडवरचा आवाज मी ऐकलाच नाही. सांगेन तिथे यायचे, सांगेन तिथे बसायचे. बसण्याआधी विचारायचे, "इथे बसू का?" मला वाटलं, सवय झाली वाटतं इथली. बरं वाटलं मला, दादा! तेही लिहून टाकते. आता तू म्हणतोस ते पुटपुटतात. ते पुटपुटत नाहीत. मी सांगितलं तसं बोलतात.

ऑगस्टमध्ये बढती झाली. तू केवढ्या कौतुकाने फोन केलास. अण्णाही शेजारी होते, म्हणाले, "चांगलं झालं, पोरी." मला नीट ऐकूसुद्धा आलं नाही.

काल मी त्यांना फोन केला. किल्लीचं विचारलं. म्हणाले, "दादाने घेतली ते बरंच झालं. गुडघे दुखतात." मी म्हटलं, अण्णा, मी दादाला सांगते काय झालं ते. तर म्हणाले, "काही नको. तू परक्या मुलखात राहतेस. तुझं नाव खराब नको व्हायला. मला काय, मी नाशिकला राहीन." स्वतःचं घर, स्कूटी, संध्याकाळचं स्टँडवरचं बसणं, सगळं सोडायला निघालेत, केवळ मी तुझ्यापुढे खोटी पडू नये म्हणून. निरंजनलाही कालच सांगितलं. तो भांडी घासत राहिला. मग म्हणाला, "आधी दादांना लिही."

डॉक्टरकडे न्यायचं तर ने, वयाला तपासणी वाईट नाही. पण माझी गोष्ट त्यात लक्षण म्हणून सांगू नकोस. भाडेकरूला नाही म्हण. किल्ली परत दे, आणि काही कारण सांगू नकोस, नुसती खुंटीला लावून ये. माझ्यावर चिड, वहिनीला सांग, ग्रुपवर लिहायचं तर लिही. तू स्वतः लिहिशील का, असं विचारशील, तर हो. हे पत्र तुला मिळालं की मला कळव, त्याच दिवशी मी लिहिते. आधी तू वाचावंस एवढंच.

सावनीला काल विचारलं, आजोबांची कशाची आठवण येते? म्हणाली, "ते मला बसमधून उतरताना मोठ्याने हाक मारायचे, तशी आई कधीच मारत नाही."

एक काम कर. फलटणला जाशील तेव्हा हे पत्र अण्णांना वाचून दाखव. ते नको म्हणतील, तरी दाखव. ओट्यावर बस आणि मोठ्याने वाच, शेजारपाजाऱ्यांना ऐकू गेलं तरी चालेल. आणि झाल्यावर फोन त्यांच्या हातात दे. त्यांना जे बोलायचं असेल ते बोलू देत, जेवढ्या आवाजात बोलायचं असेल तेवढ्या. रविवार असला तरी मी फोन स्पीकरवर ठेवीन.

शेजारची जागा रिकामी असताना अण्णांना उठवणारी,
तुझी वैजू