फावड्याची बाची

हिरोसाकी, २८ एप्रिल

प्रिय दादा,

नमस्कार. तिकडे तोक्योत तुम्ही सगळे खुशाल असाल. इथे सफरचंदांची छाटणी उरकली, थंडीबरोबर आईचं गुडघ्याचं दुखणंही पळालं आणि चेरी ऐन बहरात आहे. तुझ्या मागच्या पत्राबद्दल काही लिहायचं नाही, असं ठरवून बसले आहे.

बातमी एकच. काल गावच्या मैफलीत बाबांच्या जागेवर बसून मी तीन तारांचं शामिसेन वाजवलं!

बाबा गेल्यावर थोरला म्हणून त्यांची कासवाच्या कवचाची बाची तुझ्याकडे गेली, ती तू काही पाठवली नाहीस. मग तारा काय बोटांनी छेडायच्या होत्या? आधी भाजी चिरायचा जुना प्लास्टिकचा पाट कापून पाहिला. आई म्हणाली, "वाजवतेयस की मुळा चिरतेयस?" मग पडवीतलं दांडा मोडलेलं फावडं दिसलं. बाबा छपरावरचं बर्फ ओढायचे तेच, काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकच्या पात्याचं, कडाक्याच्या थंडीतही न तडकणारं. पातं पंख्यासारखं कापलं, घासलं, मूठ सफरचंदाच्या छाटलेल्या फांदीची केली. पण कोपरे इतके धारदार राहिले की पहिल्याच फटक्याला माझ्या सरावाच्या शामिसेनवर ताणलेलं कातडं टर्रकन फाटलं. मी रडकुंडीला आले. आईने बाची घेतली, कोपरा ओठावर टेकवला. "टोचतोय. तुझे बाबा असंच बघायचे. घास अजून." हे तिने आजवर कधी सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नाही म्हणे!

मैफलीत कुदो आजोबा आडवे आलेच. पहिल्या वादनाचा मान आपल्या घरी राहायचा की नाही, हे तेच ठरवणार होते.

"घरची बाची कुठाय गं?"

"ही काय."

"अगं, हे तर फावडं!"

"आमच्याच छपरावरचं आहे, आजोबा."

लोक फिदीफिदी हसले. "बरं, वाजव," आजोबा म्हणाले, "पण फसलीस तर मान पलीकडच्या आळीला."

दादा, काय सांगू तुला! बाची कातड्यावर आपटली आणि छपरावरून बर्फ धाडकन कोसळावं तसा आवाज घुमला. हसणारे पुढे सरकून बसले. संपल्यावर टाळ्या थांबेनात. कुदो आजोबांनी बाची उलटसुलट करून पाहिली आणि हळूच विचारलं, "माझंही फावडं मोडलंय. करून देशील?" मान आपल्याच घरी राहिला. आई चक्क नाचली, गुडघ्यासकट.

आता लिहितेच. 'मुलीच्या हातात बाबांची बाची शोभायची नाही' हे तुझं पत्रातलं वाक्य मला फार लागलं. तू स्वतः वाजवत नाहीस आणि ती काचेच्या कपाटात ठेवतोस. कवच नुसतं पडून राहिलं की त्याला कीड लागते, एकदा काढून बघ. मला ती नको आता, खरंच नको. मला काल तू हवा होतास, पहिल्या रांगेत.

पात्याचा अर्धा तुकडा उरला आहे. तुझ्यासाठी कापायला घेतला होता, पण बाची हाताच्या मापाची लागते, आणि तुझा हात पाहून किती वर्षं झाली! माप द्यायला ये.

बाबांच्या जागेवर बसणारी,
तुझी मित्सुए