टँकरची घंटा

३ मार्च, रवि.
पहाटे जाग आली ती स्वप्नातल्या त्याच आवाजानं. रुळाच्या तुकड्यावर लोखंडी गज. टण्ण... टण्ण... आमच्या शाळेची घंटा. सावकाश वाजली तर शाळा भरली, घाईनं वाजली तर टँकर आला. त्या बहात्तरच्या दुष्काळात गुरुजी कविता रंगवून सांगत, आणि ऐन शेवटच्या कडव्याला, घंटेवर नेमलेला आमच्याच वर्गातला रशीद घाईनं बडवायचा. घागरी घेऊन वर्ग पसार. कितीतरी कवितांची शेवटची कडवी माझी राहिली ती राहिलीच. (तरी रशीद मला 'कवी'च म्हणायचा.)

भानुदासचा फोन. दहावीची पोरं (सगळी सत्तरीची!) गुरुवारी बीडला जमणार. तिथल्या संग्रहालयात आपली घंटा ठेवलीय म्हणे. रशीद येणार का, विचारलं नाही. दूध सोसायटीच्या निवडणुकीत आम्ही दोघं समोरासमोर उभे होतो. दोघंही पडलो. तेव्हापासून बोलणं बंद. यंदा तरी...

७ मार्च, गुरु.
गेलो. सोसायटीचे दुधाचे कॅन, चारा छावणीचे फोटो, आणि कोपऱ्यात आपला रूळ. रंग देऊन चकचकीत. भिंतीत पक्का बसवलेला. गज नाहीच. तिथल्या बाई भल्या, वाजवून बघा म्हणाल्या. भानुदासनं काठी हाणली. ठक्. परत ठक्. ओंडक्यासारखं.
"लटकवल्याबिगर कसं वाजंल?" भा.
बाई म्हणाल्या, लटकवू, पण गज कुठाय? कुणालाच ठाऊक नाही.

रशीद आला नाही. परतीच्या गाडीत भा. म्हणाला, सिरसाळ्याला जा की एकदा, गॅरेजात बसलेला असतो दिवसभर. मी म्हटलं, त्यानं यावं.
"तो बी हेच म्हनतो बे."

१० मार्च, रवि.
सकाळी स्टँडपर्यंत गेलतो. सिरसाळ्याची गाडी लागलेली. खिडकीची जागाही रिकामी होती. उभा राहिलो, बघितली, परत आलो. उद्या जाऊ, असं

कडी वाजली म्हणून उठलो होतो. दारात रशीद. दाढी पांढरीशुभ्र. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबट. आत येईना.
"भानुदास सांगत व्हता, वाजली न्हाई म्हनं."
"न्हाई."
"कावून वाजंल, कवी? गज माझ्यापाशी हाय."

 सुनेला चहा टाकायला सांगितलाय. चष्म्याचं निमित्त करून आत आलोय, तेवढ्यात या चार ओळी. कान बाहेर. चपला काढल्याचा आवाज अजून नाही.