अजून वापरात आहे

१८ जून, मंगळवार

प्रिय वहिनीस,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र पोचलं. इकडे आईचा गुडघा बरा आहे. चिंगीचा पुढचा दात पडला हे वाचून आम्ही दोघी हसलो. दादाची खोली आता चिंगीला द्यावी का, हे तू विचारलंयस. त्याकडे शेवटी येते.

दादा गेल्यावर ऑफिसात मला त्याचीच खुर्ची दिली आहे. बहीण म्हणजे भावाइतकीच हुशार, असा साहेबांचा गोड गैरसमज. सध्या वेबसाइट हलकी करायचं काम आहे. दादा कोड ऐसपैस लिहायचा. मोकळ्या ओळी, लांबलचक नावं, मधेमधे पुढच्या माणसासाठी टिपा. माणसाला हे सगळं लागतं, यंत्राला त्याचं काय? म्हणून एक प्रोग्राम चालवायचा. तो मोकळ्या जागा आणि टिपा काढतो, लांब नावाचं एक अक्षर करतो. फाइल लहान झाली की पान फोनवर पटकन उघडतं. दादाचं बोलणं आपल्या हाताने पुसायचं जिवावर आलं, पण काम ते काम.

एक टीप मात्र जाईना. 'हे काढू नका. अजून वापरात आहे.'

साहेब म्हणाले, "सुरुवातीला उद्गारचिन्ह असेल गं. तशी टीप प्रोग्राम मुद्दाम ठेवतो." मी पाहिलं. चिन्ह नव्हतं.

टिपेखालचा कोड इवलासा होता. दादा दुपारी घरी जेवून उठला की त्याच्या खोलीतला कॉम्प्युटर साइटला विचारायचा, 'आहेस का?' साइट म्हणायची, 'आहे.' बंद पडली असली तर त्याला घरबसल्या कळायचं. आता कोण विचारणार, म्हणून दहा तारखेला, सोमवारी, मी तो भाग टिपेसकट मूळ फाइलमधून कापला आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. लहान झालेल्या फाइलमधून कोड गेला होता, टीप होतीच.

मग साइटला कोण कधी विचारतं, ती सर्व्हरची नोंद उघडली. 'आहेस का?' रोज दुपारी येतंय. तुमच्या घरून. वहिनी, तो कॉम्प्युटर मीच भंगाराच्या टेम्पोत चढवला होता ना?

तू सहज लिहिलंस, की दहा तारखेपासून चिंगी जेवली की बंद खोलीच्या दाराशी बसते आणि मधेच 'आहे, आहे' म्हणते. पोरांचं काय मनावर घ्यायचं, असंही लिहिलंस. ते वाचून मी तारीख पुन्हा पाहिली. साइटचं उत्तर मी बंद केलं, आणि त्याच दिवसापासून ते पोर देतंय.

आज कापलेला भाग मी परत जोडला. साहेबांना काहीतरी थाप मारली. हे पत्र मिळेल त्या दुपारी चिंगी दाराशी बसते का, तेवढं बघ. बसली नाही, तर मला कळव. मला भीती वाटते, वहिनी, आणि सांगायला लाज वाटते, पण बरंही वाटतं.

खोली एवढ्यात चिंगीला देऊ नकोस. अजून वापरात आहे.

तुझी, आणि त्याचीही,
धाकटी