दहापैकी दहा

सोलापूर, मंगळवार, २१ ऑगस्ट १९७९

आज आरोग्यशास्त्राचा पेपर मिळाला. जुलाबाच्या प्रश्नाला दहापैकी दहा. बाईंनी माझं उत्तर वर्गात वाचून दाखवलं. जुलाब होत असताना पाणी तोडू नये, उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ-साखर घालून घोट घोट पाजत राहावं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मला पळून जावंसं वाटलं.

चिमीला जाऊन आज बारा दिवस झाले. दीड वर्षाची माझी बहीण. हे उत्तर लिहिलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिला जुलाब लागले. आत्या म्हणाली, "पाणी देऊ नगा, पाण्यानं लई वाढतंय." आई नुसती ओल्या फडक्यानं तिचे ओठ पुसायची. चिमी तांब्याकडे बघत राहायची.

मी एकदाच म्हटलं, "बाई तर पाणी पाजा म्हणतात की."

"तुज्या बाईनं किती पोरं वाढवली?" आत्या म्हणाली.

मी गप्प बसले. का बसले? तांब्या माझ्या हाताशी होता.

उद्या पेपरावर पालकांची सही हवी. आमच्याकडे सही आई करते. आणि करायच्या आधी एकेक ओळ बोट ठेवून वाचते.